सात कोडी आणि आपला डोंगर

लिंबागणेशहून आम्ही बोलतोय.

बचत गटाची बैठक कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. सतरंजी अंथरायची, हजेरी घ्यायची, बचत गोळा करायची, हप्ते वहीत चढवायचे, ठराव वाचायचा आणि सह्या करायच्या. एवढं झालं की बाया उठायला बघतात. कुणाची धारेची वेळ झालेली असते, कुणाच्या चुलीवर डाळ असते. पण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गटात एक नवी चाल पडली आहे. हिशोब मिटला की एक कोडं घालायचं. कोडं जगातल्या एखाद्या गावाचं, नदीचं नाहीतर डोंगराचं असतं. जी उत्तर देईल तिला पहिला चहा.

याची सुरुवात एका पोरीनं केली. एका ताईची पाचवीतली लेक भूगोलाचं पुस्तक घेऊन बैठकीत बसली होती. तिनं मधेच विचारलं, "आई, आपल्या गावचं पाणी कोणत्या समुद्राला जातं?" आई म्हणाली, "इथं प्यायला मिळंना, आन् समुद्राला कुठून जायचं?" सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर मात्र उत्तर कुणालाच येईना. आमच्यातल्या कितीतरी जणी दर हंगामाला कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगावपर्यंत जातात. नकाशा न बघता त्यांना रस्ते पाठ आहेत. पण आपल्या दारातून वाहून गेलेलं पाणी कुठं गेलं, हे आम्हाला सांगता येत नव्हतं.

त्याच दिवशी गटापुढं एका ताईचा बोअरसाठी कर्जाचा अर्ज होता. तिचा आधीचा बोअर कोरडा गेलेला. ते देणं फेडायला दोघा नवरा-बायकोनं मुकादमाकडून उचल घेतली आणि दोन हंगाम कारखान्यावर काढले. आता ती दुसऱ्या बोअरला पैसे मागत होती. त्या अर्जाचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी कोडी ऐका.

पहिलं कोडं: एका डोंगरावरचा पाऊस किती नद्यांना जातो?

आपल्या घराचं आढं डोळ्यांपुढं आणा. आढ्यावर पाऊस पडला की त्याची वाटणी होते. इकडचं पाणी या पाख्यावरून ओघळतं, तिकडचं त्या पाख्यावरून. बालाघाटचा डोंगर हे आपल्या जिल्ह्याचं आढं आहे, आणि आपण त्याच्यावरच राहतो.

उत्तरेकडच्या पाख्यावरचं पाणी बिंदुसरेत उतरतं. बिंदुसरा बीड शहरातून पुढं जाऊन सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला भेटते. दक्षिणेकडचं पाणी मांजरेत जातं. मांजरा नदीचा उगम याच बालाघाटात, गवळवाडीजवळ आहे. ती पूर्वेला लातूरकडं जाते, कर्नाटकातल्या बीदरमधून तेलंगणात शिरते आणि ७२४ किलोमीटर चालून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे एकाच डोंगरावरून निघालेल्या या दोघी. एक जिल्ह्यातच गोदामाईला भेटली, दुसरी तीन राज्यं फिरून भेटली. आणि हैदराबाद शहरानं वर्षानुवर्षं जे पाणी प्यायलं, त्यात या मांजरेचंही पाणी आहे.

आपलं घर दुपाखी नाही, त्याला तिसरं पाखंही आहे. पावसाळ्यात आपण सौताड्याचा धबधबा बघायला जातो ना? तो विंचरणा नदीचा. ते पाणी जामखेडकडं उतरतं आणि सीना-भीमेच्या खोऱ्यात जातं. आष्टीच्या बाजूचं पाणीही तिकडंच जातं. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं थोडं पाणी गोदावरीला आणि थोडं कृष्णेला जातं.

हे ऐकून आमच्या गटातल्या एक आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे आपण समद्यांला पाणी देतो, आन् आपल्याला वरून कोणच देत न्हाई?" त्यांना कुणी भूगोल शिकवला नव्हता, पण त्यांनी नेमकं सांगितलं. आढ्यावर राहणाऱ्याच्या वर कुणाचं घर नसतं. आपल्या शिवारात वरून वाहत येणारी मोठी नदी नाही. आपल्याला जे मिळतं ते फक्त आभाळातून मिळतं.

दुसरं कोडं: समुद्र जवळ असताना नदी लांब का जाते?

नकाशावर बोट ठेवलं तर बीडहून मुंबईचा समुद्र जवळ आहे. मग आपलं सगळं पाणी लांबच्या बंगालच्या उपसागराला का जातं? गोदावरीचं तर आणखीच नवल. ती नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ती त्या समुद्राकडं पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या पुढं बंगालच्या उपसागराला मिळते.

याचं कारण चुलीपाशी कळेल. परातीत थोडं पाणी घ्या आणि परात एका बाजूनं उचला. पाणी दुसऱ्या काठाला जाईल. आपलं पठार असंच आहे. पश्चिमेला सह्याद्रीनं ते उचललेलं आहे आणि पूर्वेला ते कललेलं आहे. म्हणून सह्याद्रीच्या अलीकडच्या अंगाला उगम पावलेल्या गोदावरी, भीमा, कृष्णा या सगळ्या पूर्वेला जातात.

असं आढं जगात सगळीकडं असतं. अमेरिकेत वायोमिंग नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरात एक लहानसा ओढा एके ठिकाणी दुभंगतो. एका फाट्याचं नाव अटलांटिक क्रीक, दुसऱ्याचं पॅसिफिक क्रीक. क्रीक म्हणजे ओढा. एका फाट्याचं पाणी साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटर जाऊन अटलांटिक महासागराला मिळतं. दुसऱ्याचं दोन हजारांहून जास्त किलोमीटर जाऊन पॅसिफिक महासागराला. दोन थेंब शेजारी शेजारी चालत येतात, एका दगडाच्या इकडून-तिकडून जातात, आणि पुढं त्यांच्यामध्ये अख्खा देश येतो. आमच्यातली एक म्हणाली, "सख्ख्या भैनी दोन गावाला दिल्यावानी."

तिसरं कोडं: पाणी रेल्वेत बसून कुठं गेलं होतं?

याचं उत्तर सगळ्यांना आलं, कारण ते आपल्या शेजारचंच आहे. २०१६ साल आठवा. दुष्काळानं मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरकरांना प्यायला पाणी नव्हतं. त्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं. पुढं त्या गाडीला 'जलदूत' नाव पडलं.

यातली भूगोलाची गोष्ट बघा. मिरज कृष्णेच्या खोऱ्यात आणि लातूर मांजरेच्या, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात. डोंगरानं जी पाखी वेगळी केली होती, त्यातल्या एका पाख्यावरचं पाणी माणसानं रुळावरून दुसऱ्या पाख्यावर नेलं.

आता याला जोडून एक हिशोब. हिशोब आम्हाला जमतो, वही सांभाळून सांभाळून हात बसला आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडतं. आपल्याकडं बऱ्या वर्षाला साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस होतो. एक एकर म्हणजे चार हजारांहून थोडे जास्त चौरस मीटर. गुणाकार केला तर एका एकरावर वर्षाला सुमारे २६ लाख लिटर पाणी पडतं. लातूरच्या गाडीनं एका खेपेला ५ लाख आणलं होतं. म्हणजे तुमच्या एका एकरावर दरसाल पाच रेल्वेगाड्या येऊन उभ्या राहतात आणि आपण न बघताच निघून जातात.

घराचाही हिशोब केला. वीस फूट बाय पंधरा फुटांचं पत्र्याचं घर धरा. त्याच्यावर वर्षाला सुमारे १८ हजार लिटर पाणी पडतं. पंधरा लिटरची घागर धरली तर बाराशे घागरी. बाराशे घागरी डोक्यावरून आणायला किती खेपा लागतात, हे ज्यांनी आणल्या त्यांनाच ठाऊक. हा आकडा ऐकल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. या पाण्यातलं सगळं काही धरता येत नाही. काही उडून जातं, काही पिकाला लागतं, काही मुरतं. पण बरंचसं नुसतं वाहून जातं, आणि जाताना बांधाची माती घेऊन जातं.

चौथं कोडं: जगात सगळ्यात जास्त पाऊस पडतो, तिथं पाण्याचे हाल असतील का?

"तिथं कशाला हाल असतील?" असं सगळ्या म्हणाल्या. उत्तर ऐकून कुणाला खरं वाटेना.

मेघालयात मौसिनराम आणि चेरापुंजी ही शेजारची गावं आहेत. मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तो साचवला तर चार मजली घर बुडेल. आपला वर्षाचा पाऊस साचवला तर मांडीपर्यंत येईल. चेरापुंजीला तर १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंत, एका वर्षात, सुमारे साडेसव्वीस हजार मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे.

आणि त्याच चेरापुंजीत हिवाळा आला की पाण्याची टंचाई होते. बाया झऱ्यावर जाऊन पाणी आणतात, पाणी विकतही घ्यावं लागतं. कारण तेच, आपल्यासारखं. गाव पठाराच्या कडेला, उंचावर. पाऊस थोड्या महिन्यांत कोसळतो. झाडी तुटलेल्या उतारावर मातीचा थर पातळ, म्हणून पाणी थांबत नाही, थेट खाली बांगलादेशच्या सपाटीवर जातं. आभाळानं भरभरून दिलं, पण जमिनीनं धरलं नाही.

आपल्याकडं पाऊस कमी का, तेही यातच आलं. पावसाळी ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि तिथंच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. डोंगर ओलांडून आपल्यापर्यंत येणाऱ्या ढगांत उरलं-सुरलं असतं. आपण डोंगराच्या आड राहतो, त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पंगतीत शेवटी बसल्यावर जे वाढायला उरतं, ते आपलं.

चेरापुंजीची अजून एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांना फार आवडली. तिथल्या खासी समाजात आईचं कूळ चालतं, आणि वाडवडिलांचं घर धाकट्या लेकीकडं जातं. एक नवीन सून म्हणाली, "मला तिकडंच द्यायला पाहिजे होतं." तिची सासू शेजारीच बसली होती. तीही हसली.

पाचवं कोडं: पाऊसच पडत नाही, तिथं लोक पाणी कुठून आणतात?

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे, लांबच्या लांब आणि अरुंद, लुगड्याच्या काठासारखा. त्याच्या उत्तरेला अटाकामाचं वाळवंट आहे. तिथल्या आरिका शहरात वर्षाला सरासरी एक मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. शेजारी अख्खा महासागर आहे, पण किनाऱ्यालगतचं पाणी थंड असल्यामुळं पावसाचे ढग तयार होत नाहीत, आणि पलीकडून येणारे ढग अँडीज पर्वत अडवतो. पाऊस नसला तरी किनाऱ्यालगतच्या टेकड्यांवर धुकं मात्र येतं.

त्याच देशात, आरिकाच्या बरंच खाली, चुंगुंगो हे कोळ्यांचं गाव आहे. तिथं पाऊस पडतो, पण अगदी थोडा. तिथल्या डोंगरावर लोकांनी मोठमोठ्या जाळ्या ताणून उभ्या केल्या. धुकं जाळीतून गेलं की धाग्यांवर थेंब धरतात, थेंब पन्हाळीत पडतात आणि नळातून गावात येतात. १९९० नंतरची काही वर्षं ते गाव धुक्याचं पाणी प्यायलं. पुढं देखभाल थांबली, जाळ्या फाटल्या आणि योजना बंद पडली. हे ऐकून आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "व्हय की, आपल्या हातपंपासारखं."

तीच युक्ती आफ्रिकेतल्या मोरोक्को देशात चालली आहे. तिथं डोंगराळ भागातल्या बाया आणि पोरी दिवसाचे कित्येक तास विहिरीवर घालवायच्या. दार सी हमद नावाच्या, बायांनी चालवलेल्या संस्थेनं बुत्मझ्गिदा डोंगरावर धुक्याच्या जाळ्या लावल्या. २०१५ पासून ते पाणी नळानं घरापर्यंत येतं. पोरींचे पाण्यावर जाणारे तास वाचले.

आता कुणी म्हणेल, आपणही जाळ्या लावू. तर तसं नाही. आपल्याकडं एवढं धुकं नाही, जाळी कोरडीच राहील. त्यांनी आपल्या डोंगरावर काय येतं ते बघितलं आणि तेच धरलं. आपल्याकडं पाऊस येतो, तो आपण धरायचा.

सहावं कोडं: पाण्याला बाहेरची वाट नसेल तर काय होतं?

इस्रायल आणि जॉर्डन या देशांच्या मध्ये मृत समुद्र आहे. नावाला समुद्र, खरं तर मोठं तळं. त्याचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर खोल आहे. जगात उघड्यावर याच्याहून खालची जमीन नाही. जॉर्डन नदी त्यात येते, पण बाहेर काहीच जात नाही. पाणी उन्हानं उडून जातं, मीठ मागं राहतं. हजारो वर्षं हेच चाललं, म्हणून ते पाणी साध्या समुद्राच्या दसपट खारट झालं. त्यात माणूस बुडत नाही, वर तरंगतो. मासा जगत नाही.

तसंच एक तळं आपल्याकडंही आहे, बुलढाणा जिल्ह्यात लोणारला. आभाळातून पडलेल्या दगडानं काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा केला. त्याचं तळं झालं. त्यालाही बाहेरची वाट नाही, म्हणून पाणी खारं. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी अचानक गुलाबी झालं. लोकांना नवल वाटलं, काही जण घाबरलेही. तपासणी झाली तेव्हा कळलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं तो रंग आला होता.

हे कोडं आम्ही मुद्दाम घातलं. ज्या मैत्रिणी सांगली-कोल्हापूरकडं तोडीला जातात, त्यांनी कृष्णाकाठी पांढरी पडलेली रानं बघितली असतील. काळी कसदार जमीन, बाराही महिने पाणी, आणि तरी वर मीठ फुललेलं. तिथं मृत समुद्राचीच गोष्ट लहान प्रमाणात घडली आहे. उसाला पाणी देत राहिले, निचरा राहिला नाही, पाणी उडून गेलं आणि क्षार वर राहिले. एक ताई म्हणाली, "आमी बघितलंय ते रान. वाटलं, येवढं पाणी आसून बी ह्यांच्या रानाला काय झालं?" कमी पाण्याचं दुःख आपल्याला माहीत आहे. जास्त पाण्याचंही दुःख असतं, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. कारण मात्र तिला त्या दिवशी कळलं.

सातवं कोडं: जमिनीखालून पाणी चालत येतं का?

येतं. इराण हा वाळवंटाचा देश. तिथं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीपासून लोक डोंगराच्या पायथ्याला खोल विहीर खणतात आणि तिच्या तळापासून गावापर्यंत, किंचित उतार देऊन, भुयार काढतात. पाणी आपल्या वजनानं गावात चालत येतं. त्याला मोट, इंजिन, वीज काही लागत नाही, आणि उन्हानं ते उडतही नाही. या भुयारांना कनात म्हणतात. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांतल्या ११ कनातींना जागतिक वारसा म्हणून मान दिला.

हे बघायला इराणला जायची गरज नाही. बीडच्या दक्षिणेला महामार्गाजवळ खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली. तिच्यात भुयारी वाटेनं पाणी येतं आणि दुसऱ्या वाटेनं पुढं रानाला जातं. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की आहे. तिथंही लांबून जमिनीखालून पाणी आणलं आणि त्याच्यावर पिठाचं जातं फिरवलं. तेव्हाच्या लोकांकडं आपल्यासारखी यंत्रं नव्हती. त्यांनी आधी जमिनीचा उतार वाचला, मग कुदळ मारली.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते बघू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर साचला. तोच आपला काळा दगड. भाकरीच्या चवडीसारखे हे थर एकावर एक आहेत. काही थर अखंड, टणक. त्यांत पाणी राहत नाही. काही थर फुटलेले, मुरमाड. पाणी असतं ते या मुरमात, फटींत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एकाचा बोअर दोनशे फुटांवर लागतो आणि वीस पावलांवरचा पाचशे फुटांवरही कोरडा जातो. त्यात नशिबाचा भाग कमी, आणि फट लागली की नाही याचा जास्त. शिवाय आपण माथ्यावर. माथ्यावरचं मुरलेलं पाणीही हळूहळू उताराकडंच सरकतं. ओढ्याकाठची विहीर आणि माळावरचा बोअर यांत फरक पडणारच.

इथपर्यंत आलो तेव्हा बोअरचा अर्ज देणारी ताई म्हणाली, "मग आमचा बोअर कोरडा गेला तवा समदे म्हनले, तुझ्या पायगुणानं गेला."

मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्ही कुणी चहा प्यायला उठलो नाही. कोरड्या दगडाचा दोष एका बाईच्या पायाला लागला होता, आणि तो दोष डोक्यावर घेऊन ती दोन हंगाम ऊस तोडून आली होती. दगडात फट नव्हती, एवढीच गोष्ट. ती तिला कुणी सांगितली नव्हती. आम्हीही सांगितली नव्हती, कारण आम्हालाही ती ठाऊक नव्हती.

तर तिच्या अर्जाचं काय झालं? आम्ही तो फेटाळला नाही. पण लगेच मंजूरही केला नाही. असा ठराव लिहिला: आधी भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयाला अर्ज देऊन जागा दाखवायची, मगच कर्जाचा विचार करायचा. तोवर तिनं गटातून थोडी रक्कम घेतली. तिच्यात पत्र्याला पन्हाळी लावल्या, टाकी बसवली आणि उताराला आडवे बांध घातले. आता दुसरा बोअर लागेल की नाही, ते आम्ही आज सांगू शकत नाही. पण यंदाच्या हंगामाला तिनं बोअरसाठी उचल घेतली नाही, एवढं सांगू शकतो.

सरकारी भाषेत एक शब्द आहे, 'माथा ते पायथा'. पाणी अडवायचं काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करायचं आणि खाली उतरत यायचं. माथ्यावर चर, उतारावर बांध, खाली ओढ्यात बंधारा. आधी हा शब्द आम्ही प्रशिक्षणात नुसता ऐकला होता. आता वाटतं, माथा म्हणजे आपणच. आपण धरलं नाही तर खालच्याला पूर येईल, आपल्याला टँकर येईल, आणि माणसं कोयता घेऊन पाण्याच्या मागं कृष्णाकाठी जातील. पाणी जिकडं गेलं तिकडं माणसं गेली, असं आजवर झालं आहे.

तुमच्या गटात हे करून बघा. पुढच्या बैठकीला परातभर माती घ्या, तिचा आपल्या शिवारासारखा डोंगर करा आणि वरून तांब्यानं पाणी ओता. पाणी कुठून जातं ते बघा. मग खऱ्या पावसात, डोक्यावर घोंगता घेऊन, आपापल्या रानाच्या वरच्या बांधावर उभ्या राहा. कुणाच्या रानातलं पाणी कुठं जातं, कुठं माती कापतं, कुठं थांबतं, ते बघून वहीत लिहा. ग्रामसभेला जाताना ती वही सोबत न्या. "आमच्या वस्तीला पाणी नाही" असं म्हटलं तर तक्रार होते. "पाणी इथून येतं, इथून जातं आणि इथं अडवता येईल" असं म्हटलं तर त्याचं काम होऊ शकतं.

आणि हो, त्या पाचवीतल्या पोरीला उत्तर दिलं. लिंबागणेशच्या भालचंद्राच्या देवळावर पडलेला थेंब वाहत गेला, तर शेवटी बंगालच्या उपसागराला जाईल. तिनं लगेच पुढचं कोडं घातलं, "आणि वाहत गेलाच नाही तर?"

तिची आई म्हणाली, "तर तो आपल्या आडात."

त्या दिवशी पहिला चहा त्या माऊलीला दिला. पुढच्या वेळी तुमच्या गटातलं कोडं कळवा, आम्ही उत्तर शोधू. नमस्कार.